स्पिंडल सुरू झाला की लिमिट अलार्म : घरी बांधलेल्या सीएनसीच्या कंट्रोल बॉक्सचे समस्या निवारण

घरी किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये बांधलेल्या सीएनसी राउटरला (संगणकीय आज्ञांनी कापणाऱ्या-कोरणाऱ्या मशीनला) आता सहसा संगणक जोडलेला नसतो. पॅरलल पोर्ट असलेला जुना पीसी शोधत फिरण्याऐवजी लोक पेनड्राइव्हवरून जी-कोड (हालचालींच्या आज्ञांची फाइल) वाचणारा, तीन-चार अक्षांच्या मोटरांना पल्स, म्हणजे पावलागणिक विजेचे ठोके, देणारा स्वतंत्र कंट्रोलर घेतात आणि तो मोटरांचे ड्राइव्ह, एसएमपीएस (डीसी वीजपुरवठा) व स्पिंडलच्या, म्हणजे टूल फिरवणाऱ्या मोटरच्या, व्हीएफडीसह (तिचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हसह) एकाच पत्र्याच्या डब्यात बसवतात. कंट्रोलर संगणकापासून स्वतंत्र झाला, तरी व्हीएफडीच्या शेजारापासून तो स्वतंत्र झालेला नसतो, आणि खाली वर्णन केलेला दोष याच शेजारातून निर्माण होतो. असे डबे दुरुस्त करताना हा एकच दोष मी इतक्या वेळा पाहिला आहे की, फोनवर पहिली दोन वाक्ये ऐकताच पुढची मला सांगता येतात. समोरच्या माणसाने बहुतेक वेळा नवा कंट्रोलर मागवूनही झालेला असतो. मीही पहिल्या वेळी तेच केले होते आणि ते पैसे वाया गेले होते.

लक्षणे

स्पिंडल बंद असताना होमिंग (अक्षांचे शून्यस्थानी जाणे) व्यवस्थित होते, हाताने अक्ष हलवले तर ते अचूक जातात आणि परत येतात. स्पिंडल सुरू केला की काही सेकंदांत, कधी अर्ध्या तासानंतर, पडद्यावर लिमिटचा, म्हणजे अक्ष हालचालीच्या टोकाला पोचल्याचा, अलार्म येतो आणि मशीन थांबते. प्रत्यक्षात गाडा कोणत्याही लिमिट स्विचच्या जवळसुद्धा नसतो. काही मशीनवर अलार्म येत नाही, पण कटिंग हळूहळू सरकते. घराच्या नावाची पाटी कोरताना हे फार चटकन दिसते, कारण देवनागरीची शिरोरेषा एका सरळ ओळीत यावी लागते. पहिल्या अक्षराची रेषा आणि शेवटच्या अक्षराची रेषा यांत अर्ध्या मिलिमीटरची पायरी पडली, तरी गिऱ्हाइकाची नजर थेट तिथेच जाते. तिसरे लक्षण म्हणजे स्पिंडल वेग घेताना किंवा थांबताना कंट्रोलरचा पडदा गोठतो किंवा तो आपोआप पुन्हा सुरू होतो. हातात धरायच्या पेंडंटची बटणे न दाबता दाबल्यासारखी वागतात, असेही क्वचित घडते.

आणखी एक प्रकार ऋतूवर अवलंबून असतो. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत, ॲक्रिलिक किंवा एमडीएफ कापताना आणि भुसा ओढणारा पंप चालू असतानाच मशीन अडखळते, पावसाळ्यात मात्र तेच मशीन निर्वेध चालते. याचे कारण वेगळे आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी चूक कशी वाढते ते पाहावे

हत्यार हातात घेण्यापूर्वी चूक कशी वाढते, हे पाहण्यासाठी दहा मिनिटे द्यावीत. माझ्या मते संपूर्ण तपासणीत सर्वाधिक वेळ वाचवणारी हीच पायरी आहे, आणि सर्वाधिक टाळली जाणारीही हीच.

चूक अंतराच्या प्रमाणात वाढत असेल, म्हणजे १०० मिमीला ०.५ आणि २०० मिमीला १ मिमी अशी, तर तो दोष नाही. प्रति मिलिमीटर पल्सची नोंद चुकली आहे. २०० स्टेपची मोटर, ८ मायक्रोस्टेप (प्रत्येक स्टेपचे आठ भाग) आणि ५ मिमी पिचचा बॉलस्क्रू असेल, तर एका फेऱ्याला १,६०० पल्स लागतात आणि नोंद ३२० असायला हवी. ड्राइव्हवरचे डिप स्विच बदलले आणि कंट्रोलरमधला आकडा बदलायचा राहिला, असे होत असते. आकडा दुरुस्त करावा आणि पुढे जावे.

चूक दिशा बदलण्याच्या संख्येबरोबर वाढत असेल, तर व्हीएफडीला दोष देण्यात अर्थ नाही. लांब सरळ रेषा बरोबर येतात, पण बारीक नक्षीकाम किंवा त्रिमितीय कोरीव काम केले की एकच अक्ष, नेहमी एकाच बाजूला, सरकत जातो. येथे पल्सची ध्रुवता उलटी असते. ड्राइव्हला दिशेचा सिग्नल पल्सच्या काही मायक्रोसेकंद आधी मिळावा लागतो. अनेक प्रचलित स्टेपर ड्राइव्हना किमान ५ मायक्रोसेकंद हवे असतात. ड्राइव्ह पल्सच्या ज्या कडेला पाऊल टाकतो, त्याच क्षणी कंट्रोलर दिशा बदलत असेल, तर दर उलट-सुलट फेरीमागे एखादे सूक्ष्म पाऊल चुकते. वरच्या उदाहरणात एक सूक्ष्म पाऊल सुमारे ०.००३ मिमीचे आहे. ते कोणालाही दिसणार नाही, पण हजार फेऱ्यांनंतर ३ मिमीची घसरण होते. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये त्या अक्षाची पल्स ध्रुवता उलटी करावी आणि तीच फाइल पुन्हा चालवावी. खर्च शून्य.

चूक एकदम, मोठ्या उडीने होत असेल आणि त्याच क्षणी मोटरचा गुरगुरण्याचा आवाज येत असेल, तर मोटर अडली आहे. वेग आणि त्वरण निम्मे करून पाहावे. चूक नाहीशी झाली तर दोष यांत्रिक भाराचा किंवा अवाजवी त्वरणाचा आहे.

चुकीला काहीच शिस्त नसेल, एकच फाइल तीन वेळा चालवली तर तीन वेगळ्या जागी बिघडत असेल, आणि स्पिंडल बंद असताना मुळीच बिघडत नसेल, तरच पुढचे वाचावे.

तपासणी, स्वस्तापासून महागाकडे

पहिली चाचणी फुकट आहे. टूल काढून टाकावे, झेड अक्ष वर घ्यावा आणि तीच फाइल हवेत चालवावी. एकदा स्पिंडल बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून. कटिंगचा भार दोन्ही वेळा नसतो, त्यामुळे दोन्हींतला फरक फक्त विजेचा असतो. दोन्ही वेळा चूक आली, तर विजेच्या गोंगाटाचा (तारांत शिरणाऱ्या नको त्या सिग्नलचा) संशय सोडावा आणि कपलिंगकडे वळावे. मोटरच्या शाफ्टवरून कपलिंगवर आणि कपलिंगवरून बॉलस्क्रूवर अशी मार्कर पेनाने एक सरळ रेघ ओढून ठेवावी. फाइल संपल्यावर ती रेघ तुटलेली दिसली, तर ग्रब स्क्रू सैल आहे. दोन हजारांचे फिल्टर विकत घेऊन झाल्यावर ही रेघ ओढणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून ती इतक्या वर लिहिली.

पेनड्राइव्हही याच वेळी तपासून घ्यावा. एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट केलेला, कमी क्षमतेचा, फक्त याच कामासाठी ठेवलेला पेनड्राइव्ह वापरावा. खराब पेनड्राइव्हमुळे काम मध्येच थांबते किंवा ओळ चुकते, खोटा लिमिट अलार्म मात्र येत नाही.

दुसरी चाचणी केबलींच्या जागेची. बहुतेक घरगुती मशीनमध्ये स्पिंडलची जाड केबल आणि लिमिट स्विचच्या बारीक तारा एकाच ड्रॅग चेनमधून, टायने एकत्र आवळून नेलेल्या असतात, कारण ते दिसायला नीटनेटके वाटते. व्हीएफडी मोटरला शुद्ध साइन तरंग देत नाही. तो सुमारे ३२५ व्होल्टचा डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडून पाठवतो. प्रत्येक तोडणीची कडा अतिशय तीव्र असते आणि ती शेजारच्या तारेत स्वतःचा ठसा उमटवते. पाच मीटर समांतर धावणाऱ्या दोन तारा हा एक कपॅसिटरच असतो. म्हणून स्पिंडलची केबल ड्रॅग चेनमधून तात्पुरती बाहेर काढावी, छतावरून दोरीने लोंबकळत ठेवावी आणि पुन्हा फाइल चालवावी. ओंगळ दिसते, पण अलार्म थांबला तर निदान झाले. कायमची व्यवस्था करताना दोन केबलींत निदान १५-२० सेंमी अंतर ठेवावे आणि ओलांडणे भाग असेल तिथे काटकोनात ओलांडावे.

तिसरी चाचणी मल्टिमीटरची, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक मशीन येथेच बरी होतात. पाण्याने थंड होणाऱ्या २.२ किलोवॅटच्या स्पिंडलला चार पिनांचा गोल प्लग असतो. तीन पिना फेजच्या. चौथी अर्थची (अर्थिंगची) असावी अशी आपली समजूत असते. अनेक स्पिंडलमध्ये चौथी पिन आतून कशालाही जोडलेली नसते. आपण बाहेरून हिरवी तार मन लावून जोडतो, व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला नेतो आणि ती तार प्लगच्या आत अधांतरी संपते. मुख्य वीज बंद करावी, प्लग काढावा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवावा, एक टोक चौथ्या पिनेला आणि दुसरे स्पिंडलच्या उघड्या धातूला लावावे. बीप आला पाहिजे. स्पिंडलच्या पृष्ठभागावर ॲनोडायझिंगचा किंवा रंगाचा थर असेल तर वीज जात नाही, तेव्हा कोलेट नटजवळचा (टूल पकडणाऱ्या नटजवळचा) किंवा स्क्रूच्या छिद्रातला मोकळा धातू पाहावा. बीप नसेल तर वरच्या झाकणाच्या एखाद्या स्क्रूखाली लग (तारेला लावायचे धातूचे टोक) बसवून स्वतंत्र अर्थ तार स्पिंडलच्या अंगाला जोडावी.

एका मशीनवर मी सलग तीन दिवस घालवले होते. शिल्डेड (जाळीचे आवरण असलेली) केबल झाली, फेराइट (तारेवरचा गोंगाट अडवणारे चुंबकीय कडे) झाले, कंट्रोलरही बदलून झाला. शेवटी सहज म्हणून प्लगचे झाकण उघडले, तर चौथ्या पिनेमागे सोल्डरचा थेंबही नव्हता, पितळ कारखान्यातून आले तसेच चकचकीत होते. दीड मीटर हिरवी तार आणि एक लग, एवढ्याने काम झाले. त्यानंतर मी कोणत्याही मशीनवर गेलो तरी आधी हाच बीप ऐकतो.

ही पिन केवळ गोंगाटापुरती महत्त्वाची नाही. स्पिंडलची वाइंडिंग अंगाला चिकटली आणि अर्थ नसेल, तर मशीनला हात लावणाऱ्याला जोराचा झटका बसेल.

चौथे काम शिल्डचे. स्पिंडलची केबल शिल्डेड नसेल तर ती घ्यावी. हा पहिला खरा खर्च. तिचे जाळीदार शिल्ड व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला आणि शक्य असल्यास स्पिंडलच्या अंगालाही जोडावे, म्हणजे गोंगाट जिथून निघाला तिथेच परतेल. लिमिट स्विच आणि प्रोबच्या (टूलची उंची मोजणाऱ्या सेन्सरच्या) केबलींचे शिल्ड मात्र फक्त डब्याच्या बाजूला, एकाच टोकाला जोडावे. दुसरे टोक कापून टेपने झाकावे. दोन्ही टोके जोडली, तर दोन टोकांच्या अर्थमधल्या व्होल्टेज फरकाने त्या शिल्डमधूनच प्रवाह वाहू लागतो आणि ज्याने संरक्षण करायचे तेच उपद्रव देते. डब्यातल्या सगळ्या अर्थ तारा एका जाड तांब्याच्या किंवा पितळी पट्टीवर, प्रत्येकी स्वतंत्र आणाव्यात. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी साखळी करू नये. पत्र्यावरचा रंग लगखाली खरवडून काढावा, रंगावर घट्ट आवळलेला लग अर्थ देत नाही.

कोरड्या हवेतला प्रकार येथेच येतो. प्लास्टिकच्या नळीतून भुसा वेगाने घासत गेला की नळीवर स्थिर विद्युत साठते आणि ती स्पिंडलच्या शेजारून जाताना ठिणगी टाकते. नळीच्या आतून एक उघडी तांब्याची तार ओवून ती मशीनच्या अर्थ केलेल्या सांगाड्याला जोडली की हा त्रास बहुधा संपतो. सांगाडा ॲल्युमिनियम प्रोफाइलचा असेल तर प्रत्येक भाग वेगळा अर्थ झाला आहे की नाही, तेही मल्टिमीटरने पाहावे, कारण ॲनोडाइझ केलेले दोन प्रोफाइल एकमेकांना बोल्टने जोडलेले असूनही त्यांच्यात विजेचा संपर्क नसू शकतो.

पाचवे, लिमिटची वायरिंग. नेहमी उघडा असणारा स्विच वापरला, तर शांत अवस्थेत ती तार पाच-सहा मीटर लांबीच्या अँटेनासारखी लोंबकळत राहते. नेहमी बंद असणारा स्विच घेतला, तर त्या परिपथातून सतत प्रवाह वाहतो, गोंगाटाला तो हलवणे अवघड जाते, आणि तार तुटली तर मशीन लगेच थांबते, हा वेगळा फायदा. प्रॉक्सिमिटी सेन्सर असेल तर तोही नेहमी बंद प्रकारचा घ्यावा. कंट्रोलरचे इनपुट २४ व्होल्टचे असतील तर स्विचला ५ व्होल्टवर चालवू नये, कारण ज्या दोन-तीन व्होल्टच्या ठशाने ५ व्होल्टचा सिग्नल फसतो, त्याची २४ व्होल्टला पर्वा नसते. इनपुट टर्मिनलवर सिग्नल आणि कॉमन यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा, अंगावर १०४ लिहिलेला, सिरॅमिक कपॅसिटर लावला तर अतिसूक्ष्म ठसे गिळले जातात. तो दोन-चार रुपयांना मिळतो, मग सर्वांत आधी का सांगितला नाही, असे कोणी विचारील. कारण तो अलार्म झाकतो, उगम तसाच राहतो, आणि तोच उगम पल्सच्या तारांत शिरून पाटीची शिरोरेषा बिघडवत राहतो. लिमिट सेटिंगमधून बंद करून ठेवणे हाही त्याच जातीचा उपाय आहे. निदानापुरता, हात आपत्कालीन बटणावर ठेवून, दोन मिनिटे करावा, त्याहून अधिक नाही.

सहावे, वीजपुरवठा. पडदा गोठणे किंवा कंट्रोलर पुन्हा सुरू होणे हे मुख्य लक्षण असेल, तर ही चाचणी वर आणावी. कंट्रोलरचा २४ व्होल्टचा एसएमपीएस मोटरच्या ३६ किंवा ४८ व्होल्टच्या एसएमपीएसपेक्षा वेगळा असावा, आणि पाण्याचा पंप, रिले, डब्यातले पंखे त्याच २४ व्होल्टवर टांगू नयेत. स्पिंडल सुरू होताना मल्टिमीटरवर २४ व्होल्ट किती खाली येतात ते पाहावे. रिले किंवा सोलेनॉइडच्या कॉइलवर उलटा डायोड नसेल तर तो लावावा.

सातवे, व्हीएफडीच्या बाजूचे उपाय. कॅरिअर फ्रीक्वेन्सी (व्हीएफडी सेकंदाला किती वेळा डीसी तोडतो तो आकडा) एक-दोन पायऱ्यांनी कमी केली तर तोडणीच्या कडांची संख्या कमी होते आणि गोंगाट उतरतो. स्पिंडलची शिट्टी मात्र वाढते. २४,००० फेऱ्यांच्या स्पिंडलला ४०० हर्ट्‌झ लागतात, म्हणून कॅरिअर फार खाली आणू नये, नाही तर मोटर तापते. स्पिंडलच्या तिन्ही फेज तारा एकत्र एका फेराइट रिंगमधून दोन-तीन वेढे घेऊन न्याव्यात, अर्थ तार रिंगच्या बाहेरून न्यावी. शेवटी व्हीएफडीच्या इनपुटला ईएमआय फिल्टर, म्हणजे विजेचा गोंगाट गाळणारा फिल्टर. त्याच्या धातूच्या अंगाचा अर्थशी पक्का संपर्क नसेल तर तो फिल्टर म्हणून जवळजवळ निरुपयोगी असतो.

कंट्रोलर बदलणे याच्याही नंतर येते, आणि तेव्हाही विकत घेण्याआधी कोणाकडून तरी एक दिवसासाठी मागून आणावा.

कुठे थांबावे

मशीनच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, टेस्टरचा दिवा लागत असेल, तर वरची एकही चाचणी करू नये. मुख्य स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावे. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण फेज आणि अर्थमध्ये त्याहून बरेच कमी किंवा डोलणारे वाचन येत असेल, तर सॉकेटमधले अर्थ नावापुरते आहे. अर्थ पिट नवा करणे किंवा तपासणे हे घरगुती काम नव्हे. जिवंत सॉकेटमध्ये मल्टिमीटरची टोके घालण्याची सवय नसेल, तर हे मोजणेही त्यालाच करू द्यावे.

आरसीसीबी (अर्थकडे गळती होताच वीज तोडणारा स्विच) पुन्हापुन्हा पडत असेल तर काही जण व्हीएफडीची अर्थ तार काढून टाकतात, आणि खरोखरच तो पडायचा थांबतो. हे कधीही करू नये. व्हीएफडी आणि त्याचे फिल्टर काही प्रवाह अर्थमध्ये सोडतातच, त्यामुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी विनाकारण पडू शकतो, पण तो वाइंडिंगमधल्या खऱ्या गळतीनेही पडू शकतो, आणि या दोहोंतला फरक बाहेरून ओळखता येत नाही. त्यासाठी स्पिंडल व्हीएफडीपासून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजावे लागते. व्हीएफडी जोडलेला असताना मेगर लावला तर व्हीएफडी जातो. कोकणात पावसाळाभर बंद ठेवलेल्या मशीनला ऑक्टोबरमध्ये थेट सुरू करण्याआधी हे मोजून घेणे शहाणपणाचे असते, आणि ते काम मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे द्यावे.

व्हीएफडीचे झाकण उघडून आत हात घालण्याचे धाडस करू नये. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरवर तीनशेहून अधिक व्होल्ट काही मिनिटे टिकून असतात. टर्मिनलवरच्या तारा बदलायच्या असल्या तरी दहा मिनिटे थांबून, डीसी टर्मिनलवर मल्टिमीटरने मोजून मगच हात लावावा. व्हीएफडी स्वतः अतिप्रवाहाचा किंवा अर्थ दोषाचा कोड दाखवत असेल, तर तो रीसेट करून पुन्हापुन्हा चालवून पाहू नये.

तंत्रज्ञाला बोलावताना त्याला इतके लिहून द्यावे : स्पिंडल बंद असताना चूक येते का, चूक अंतराबरोबर वाढते की दिशाबदलाबरोबर की कशीही, चौथ्या पिनेचा बीप आला का, आणि आतापर्यंत काय काय बदलले. दुरुस्ती झाल्यावर टेबलावर डायल गेज लावून, स्पिंडल पूर्ण वेगाने चालू ठेवून, लांब फाइल हवेत लागोपाठ तीन वेळा चालवून घ्यावी. तिन्ही वेळा अक्ष शून्यावर परतला आणि काटा त्याच जागी आला, तर ड्रॅग चेनचे झाकण लावावे.